कोणता हिरवा?

मराठीत रंगांच्या नावांची काही कमी नाही. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी, कुसुंबी, अबोली, श्रीखंडी, राखाडी, मातकट... वर्गात मराठी शिकवताना मी मुलांकडून ही नावं वहीत लिहून घेत असे, आणि दरवर्षी एक तरी मुलगा 'बाई, श्रीखंडी रंग खायचा का नेसायचा?' असं विचारून वर्ग हसवत असे. पण गेली काही वर्षं आमच्या घरात ज्या रंगावरून वाद चालू होता, त्याला मराठीत नावच नाही. फौजेत त्याला 'ओजी' म्हणतात. ओजी म्हणजे ऑलिव्ह ग्रीन. ऑलिव्हचं झाड आमच्या वाशीम जिल्ह्यात कुणी पाहिलेलं नाही (मीही नाही), त्यामुळे नावावरून रंग डोळ्यांपुढे येण्याची सोय नाही. साडीच्या दुकानात त्याच्या सगळ्यात जवळचा रंग 'मेंदी' या नावाखाली मिळतो. पण मेंदीची ओली पानं नव्हेत हं, डब्यात राहून जुनी झालेली पूड.

वादाचं कारण एक जीप.

माझ्या भाच्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. रिसोड तालुक्यातल्या एका गोठ्यात, सोयाबीनच्या कुटाराखाली अर्धी गाडलेली ही जीप त्याला सापडली. फौजेतून लिलावात निघालेली, उंच बॉनेटची, सीजे-थ्री-बी. अमेरिकेतल्या विलिस कंपनीने 1953 मध्ये जीपमध्ये जास्त उंच इंजिन बसवलं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना म्हणून बॉनेटच वर उचललं. म्हणून ही गाडी कायम मान ताठ केल्यासारखी दिसते. आपल्याकडे महिंद्रांनी ती वर्षानुवर्षं बनवली आणि फौजेनेही भरपूर घेतली. 1965 च्या युद्धात असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले. पाचवी-सहावीच्या मुलांना हे सांगताना मी फळ्यावर जीप काढायचे, ती बहुधा बैलबंडीसारखी दिसायची.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे या भाच्याचे वडील, फौजेत ड्रायव्हर होता. 1971 च्या लढाईत तो पश्चिम सीमेवर होता आणि याच जातीची जीप चालवत होता. याच जातीची म्हणते, हीच नव्हे. भाच्याची इच्छा एवढीच, की वडील आहेत तोवर ती गाडी होती तशी करून दारात उभी करायची. इंजिन, गिअरबॉक्स, हूड, आरसे हे सगळं जमत गेलं. सुटे भाग मिळतात, नाही मिळाले तर अकोल्याला लेथवर करून मिळतात. अडलं ते रंगावर.

तुम्ही म्हणाल, हिरवा द्या आणि मोकळे व्हा. आम्हीही तेच म्हणत होतो. पण आमच्या पेंटर चाचांनी दरवाज्याखालच्या पत्र्यावर पाणी टाकून बारीक पॉलिश पेपर गोल गोल फिरवायला सुरुवात केली, आणि आत काय आहे ते दिसू लागलं. लाकडाचा ओंडका कापल्यावर वर्षांची वलयं दिसतात ना, तशी रंगाची वलयं. सगळ्यात वर पांढरा. (चाचांचं म्हणणं, गाडी कधीतरी निवडणुकीत फिरली असणार.) त्याखाली पिवळा. त्याखाली करडा. मग हिरवा, आणि त्या हिरव्याखाली आणखी एक हिरवा, जरा काळपट. शेवटी तांबडा रेड ऑक्साइड आणि पत्रा. एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत त्या गाडीचं सगळं आयुष्य. मी पोथ्यांची पानं पाहिली आहेत, पण इतकं थोडक्यात लिहिलेलं चरित्र नाही पाहिलं.

आता प्रश्न आला की दोन हिरव्यांतला खरा कोणता? फौजेत गाडी एकदाच रंगत नाही. ती दर काही वर्षांनी, कधी कारखान्यात तर कधी युनिटमध्येच, मिळेल त्या डब्याने पुन्हा रंगते. त्यामुळे दोन्ही खरे. भाच्याला पहिला हवा होता.

ज्यांनी असली कामं केली आहेत ते सांगतात की पहिला रंग शोधायचा तर ऊन न लागलेली जागा शोधावी. सामानाच्या खणाच्या आत, एखाद्या क्लॅम्पखाली, डॅशबोर्डच्या मागे. आमच्या जीपच्या डॅशबोर्डवर माहितीची एक छोटी धातूची पाटी रिव्हेट मारून बसवलेली होती. चाचांनी ती अलगद काढली. तिच्याखाली काड्यापेटीएवढा एक चौकोन. त्यावर ना पांढरा, ना पिवळा, ना ऊन. भाच्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज गुप्तधन सापडल्यासारखा होता.

पण तोही चौकोन सरळ बोलेना. वरच्या बाजूला फटीतून पाणी शिरून रंग पांढुरका झालेला. बोट फिरवलं की बोटाला हिरवट पीठ लागे. याचं कारण मला या वयात नव्याने समजलं, ते सांगते. रंगात दोन मुख्य गोष्टी असतात. एक रंगाची पूड आणि दुसरी ती पूड धरून ठेवणारं तेल किंवा राळ. ऊन-पावसाने आधी तेल मरतं. पूड तशीच असते, पण तिला धरणारं कुणी उरत नाही, म्हणून ती बोटाला लागते. याला 'चॉकिंग' म्हणतात. फळ्यावरच्या खडूशी आयुष्य काढलेल्या बाईला हा शब्द लगेच पटला. फौजेच्या रंगात हे फार होतं, कारण तो मुद्दाम मंद, चमक नसलेला करतात. गाडी उन्हात चकाकली तर विमानातून दिसेल. चमक मारायची तर पुडीचं प्रमाण वाढवायचं आणि तेलाचं कमी करायचं, म्हणजे पृष्ठभाग बारीक खरखरीत होऊन उजेड इकडेतिकडे विखुरतो. पण तेल कमी म्हणजे आयुष्यही कमी. लपायचं तर लवकर म्हातारं व्हायचं, असा तो सौदा आहे.

आणि पूड कसली? इथे मला खरी गंमत वाटली. अमेरिकनांचा दुसऱ्या महायुद्धातला तो प्रसिद्ध ऑलिव्ह ड्रॅब, ज्याचे आपल्याकडचे रंग भाऊबंद आहेत, तो मुळात पिवळी माती आणि काळा यांचं मिश्रण. हिरवा रंग त्यात नावालाही नसला तरी चालतं! चाचांनी मला अंगणातच करून दाखवलं. एका वाटीत पिवडी घेतली, त्यात काजळी थोडी थोडी घालत गेले. आधी मळकट पिवळा, मग शेणासारखा, आणि मग एका क्षणी तो हिरवा झाला. काळ्यात आणि पिवळ्यात हिरवा लपून बसलेला असतो हे चित्रकलेचे मास्तर जाणतात, पण मी भाषेची बाई, मला ते जादूच वाटलं.

पिवडी म्हणजे लोखंडाच्या गंजाने पिवळी झालेली माती, आणि ती उन्हाला दाद देत नाही. तिचं जे काही व्हायचं ते हजारो वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं असतं. आपल्या वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याने अजिंठ्याची 16 नंबरची लेणी कोरवून घेतली, तिथे त्याचा शिलालेख आहे. आणि अजिंठ्याच्या भिंतींवर काय आहे? पिवळी माती, तांबडी गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरी माती, आणि निळ्यासाठी तेवढा दूरवरून आणलेला लाजवर्दी दगड. पंधराशे वर्षं झाली. भिंतीचा गिलावा पडला तिथे चित्र गेलं. पण जिथे गिलावा आहे तिथे रंग आहे. (अर्थात ती चित्रं अंधारात आहेत आणि आमची जीप उन्हात, हे भाच्याने लगेच दाखवून दिलं. खरं आहे.)

उलट, जे हिरवे निळा आणि पिवळा मिसळून करत, त्यांची एक बाजू आधी उडायची. निळा फिका पडला की गाडी पिवळट, पिवळा काळवंडला की गाडी निळसर. म्हणून एकाच डब्यातून रंगवलेल्या दोन गाड्या, एक राजस्थानात आणि एक तेजपूरला ठेवली, तर पाच वर्षांनी सख्ख्या बहिणी वाटणार नाहीत.

मग भाच्याने क्रमांकांचा मार्ग धरला. इंग्रजांनी 1930 च्या सुमारास रंगांना क्रमांक दिले, ब्रिटिश स्टँडर्ड 381. आपल्या भारतीय मानकांतलं 'आयएस 5' त्याच वळणाचं, त्यात 220 क्रमांकाला ऑलिव्ह ग्रीन आहे. अमेरिकनांची यादी वेगळी. त्यांच्या पाच आकड्यांतला पहिला आकडा चमक सांगतो: 1 म्हणजे चकचकीत, 2 म्हणजे अर्धवट, 3 म्हणजे मंद. हे मला फार आवडलं, आधी स्वभाव आणि मग रूप! आपल्या तिरंग्याचे रंगसुद्धा 'आयएस 1' मध्ये नुसत्या नावांनी नाहीत, मोजमापाच्या आकड्यांनी ठरवलेले आहेत. देशाचं पहिल्या क्रमांकाचं मानक झेंड्याचं, हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत इतक्या वेळा झेंडावंदन झालं, पण केशरी म्हणजे नक्की कोणता केशरी हे कुणी विचारलं नाही.

पण क्रमांकही पुरेसे पडत नाहीत. अमेरिकनांच्या एका ऑलिव्ह ड्रॅबची रंगपट्टीच वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळी निघाली, म्हणून तिकडचे जीपवेडे लोक अजून भांडत असतात. आणि 220 नंबरचा डबा आणून भाच्याने पत्र्यावर लावला तर तो पाटीखालच्या चौकोनाशी जुळेना. अकोल्याच्या दुकानात रंग मोजणारं यंत्र आहे. डॅशबोर्डचा तो तुकडा तिथे नेला, यंत्राने उजेड टाकून मोजलं आणि कृती छापून दिली, इतके थेंब हा, इतके तो. रंग तयार झाला. दुकानात ठेवून पाहिला तर तंतोतंत. घरी आणून अंगणात पाहिला तर हा तांबूस आणि तो हिरवट!

भाचा वैतागला. मला मात्र हसू आलं. अरे, हे तर आम्हा बायकांना केव्हापासून माहीत आहे. मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस साडीला कितीही जुळला तरी कुठली शहाणी बाई तिथल्या तिथे पैसे देते? ती साडी आणि कापड दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर येते, उन्हात धरते, आणि मग आत जाऊन भाव करते. दोन रंग वेगवेगळ्या पुडींचे असले तर एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. शास्त्रज्ञांनी त्याला मेटामेरिझम असं भारदस्त नाव ठेवलं आहे. चाचांचं म्हणणं सोपं होतं, "बाई, ट्यूबलाइटचा रंग खोटा असते. सकाळच्या उन्हात पाहा." त्यांनी मग यंत्राची कृती बाजूला ठेवली आणि मातीचे पिवळे-काळे असलेला रंग मागवून डोळ्याने जुळवला. तीन दिवस लागले. रोज सकाळी नऊ वाजता, पिंपळाची सावली अंगणातून सरकल्यावर.

दरम्यान आम्ही अहिल्यानगरलाही जाऊन आलो, तेव्हाचं अहमदनगर. तिथलं रणगाडा संग्रहालय 1994 मध्ये सुरू झालं. रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, पहिल्या-दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे आहेत, 65 आणि 71 मधले पॅटन आहेत. भाच्याने रंगाच्या पट्ट्या बरोबर नेल्या होत्या. पण संग्रहालयात उन्हापावसात उभ्या असलेल्या वस्तूला निगा म्हणून रंग द्यावाच लागतो, त्यामुळे वरचा थर निगा राखणाऱ्याचा, लढाईतला नव्हे. माझा भाऊ एका रणगाड्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हा त्या रंगाचा पोरगा होय, बाप नोय." झालं, पट्ट्या पिशवीत गेल्या.

भावाबद्दल आता सांगायला हवं, कारण खरा साक्षीदार तोच. वय 76. त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, डाव्याचं राहिलं आहे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग पिवळट, मग तपकिरी होत जातं. माणूस वर्षानुवर्षं पिवळ्या काचेतून जग पाहतो आणि त्याला ते कळतही नाही. ऑपरेशन झालं की निळा एकदम अंगावर येतो. फ्रान्सचा चित्रकार क्लोद मोने याचं 1923 मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याचीही हीच तक्रार होती. आमच्या बंधुराजांना भाच्याने रंगाची पाटी दाखवली, तर त्यांनी एक डोळा हाताने झाकून पाहिलं आणि म्हणाले बरोबर. मग दुसरा झाकला आणि म्हणाले चूक. भाचा माझ्याकडे पाहू लागला.

यात कोणता डोळा मानायचा? मी विचार केला की 71 साली तो बावीस वर्षांचा होता, दोन्ही भिंगं स्वच्छ. म्हणजे ऑपरेशन झालेला डोळा त्या पोराच्या डोळ्याच्या जवळचा. पण मधल्या वीस-पंचवीस वर्षांत, टीव्हीवर संचलन पाहताना, रस्त्यावर फौजेचा ताफा दिसल्यावर, त्याने तो रंग मनात पुन्हा पुन्हा रंगवला तो पिवळ्या भिंगातून. आठवणीलाही थर चढतात, आणि तिथे पॉलिश पेपर चालत नाही. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अक्का, मले नको शिकवू. तो रंग म्या रोज धुतला हाये."

आणि त्या 'धुतला' शब्दानेच गाठ सुटली. कसा धुवायचा, असं चाचांनी विचारलं. पाण्याने, आणि साहेबांची पाहणी असली की डिझेलच्या बोळ्याने, असं भाऊ म्हणाला. चाचा उठले, चिंधी डिझेलमध्ये बुडवून पिळली आणि पाटीखालच्या चौकोनावर अलगद फिरवली. खडूसारखा पांढुरका रंग क्षणात गडद झाला, ओल्या फळ्यासारखा. भावाने आधी उजव्या डोळ्याने पाहिलं, मग डाव्याने, मग दोन्हींनी. काही बोलला नाही. चष्मा काढून पुसत बसला.

म्हणजे रंग चाचांनी जुळवला होता तोच होता. त्याला लागत होती ती चमक! कागदोपत्री मंद असलेला रंग रोजच्या हातांनी, कोपरांनी, डिझेलच्या बोळ्यांनी थोडा तुकतुकीत झालेला, तोच ड्रायव्हरच्या डोळ्यात राहिला. कुठल्याही मानकात तो क्रमांक मिळणार नाही.

टिकण्याचं काय, हेही भाच्याने पारखून घेतलं होतं. 2023 च्या होळीला त्याने गच्चीवर चार पत्रे ठेवले, प्रत्येकाचा अर्धा भाग दुसऱ्या पत्र्याने झाकून. एकावर मंद सिंथेटिक इनॅमल, दुसऱ्यावर तेच चकचकीत, तिसऱ्यावर हार्डनर घालून करतात तो मंद पीयू रंग, आणि चौथ्यावर चाचांची हौस: पिवडी, काजळी आणि उकळलेलं जवसाचं तेल. आमच्याकडच्या मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्यावर पाय ठेवता येत नाही, आणि मग पाऊस. 2024 च्या होळीला झाकणं काढली. मंद इनॅमल बोटाला पीठ देत होतं आणि झाकलेल्या भागापेक्षा स्पष्ट फिकं झालं होतं. चकचकीत इनॅमलची चमक गेली होती, रंग बराच राहिला होता. पीयूमध्ये झाकलेली बाजू कोणती हे शोधावं लागलं. आणि चाचांच्या पत्र्यावर तेल मरून रंग धुरळ्यासारखा झालेला, पण छटा जशीच्या तशी. चाचा दिवसभर खूश होते. अर्थात पिवडी आणि जवस लावून कुणी जीप रंगवत नाही. पीयूच घ्यायचा ठरला, किंचित तुकतुकी ठेवून. या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासात गेलं तर दमा जडतो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. चाचांनी आयुष्यभर रुमालच बांधला होता. भाच्याने त्यांच्यासाठी बाहेरून हवा येणारा मास्क आणला आणि तो घातल्याशिवाय गन हातात द्यायची नाही असं ठरवलं. मला या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात चांगली खरेदी वाटते.

रंग ठरला, डबे आले, गाडी घासून रेड ऑक्साइड लागला. आणि तेव्हा भावाने सांगितलं की हा रंग द्यायचा नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989. त्यातला 121 वा नियम म्हणतो की संरक्षण खात्याच्या मालकीच्या गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणून तर लिलावात निघालेल्या गाडीवर आधी करडा चढला होता. भाच्याला नियम माहीत होता. त्याची बाजूही समजण्यासारखी आहे. जुलै 2021 मध्ये सरकारने पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. 'व्हीए' अक्षरं असलेला क्रमांक, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, रोजच्या वापराला मनाई, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. मूळ रूप म्हणजे मूळ रंग नाही का? एक नियम म्हणतो जशी होती तशी ठेवा, दुसरा म्हणतो तशी ठेवू नका. शिवाय 121 व्या नियमात छटेचा क्रमांक नाही, मग थोडा इकडेतिकडे केला तर? कितीतरी जण देतात. पोराने दोन वर्षं घालवली होती, त्याचा घसा दाटून आला होता.

भावाने कायद्याचा कीस काढलाच नाही. तो एवढंच म्हणाला, "फौज सुटली का वर्दी बी सुटते. म्या घालतो काय वर्दी आता? मंग गाडीले कायले?"

बापलेक आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. वहिनी मला फोन करायची. मी कुणाची बाजू घेतली ते सांगून टाकते: भावाची. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात खाकी उठून दिसायला लागली तेव्हा शिपायांचे कपडे हिरव्याकडे वळले. त्याआधी 1846-47 मध्ये पेशावरकडे लम्सडेनने आपल्या लोकांचे पांढरे कपडे मातकट केले तेव्हा खाकी आली. दोन्ही रंग शोभेसाठी निघाले नाहीत, माणूस मरू नये म्हणून निघाले. ज्याने तो रंग त्या कामासाठी वापरला त्याचा शब्द मला जास्त वजनदार वाटतो. भाचा म्हणाला, आत्या, तूसुद्धा? मी म्हटलं, मीसुद्धा.

शेवटी जीप करडी झाली. वलयांमधला तो लिलावानंतरचा करडा, नोंदणीच्या कागदावरही तोच आहे. तोही चाचांनी नाण्याएवढ्या जागेतून जुळवला, आणि खरं सांगायचं तर देखणा दिसतो. डॅशबोर्डवरच्या त्या चौकोनाला मात्र हात लावला नाही. ना पीयू, ना वार्निश. त्यावर पुन्हा पाटी बसवली, रिव्हेटऐवजी स्क्रूने, म्हणजे कधी पाहावंसं वाटलं तर उघडता येईल.

ऑलिव्ह ग्रीनचे चार लिटर उरले. हार्डनर मिसळेपर्यंत डबा राहतो, पण कायमचा नाही. भाच्याने दुकानदाराला परत करायचा प्रयत्न केला, पण मिसळून दिलेला रंग कोण परत घेणार? तेव्हा भावानेच नियम पुन्हा वाचायला सांगितला. मी चष्मा लावून वाचून दाखवला: 'मोटार वाहन'. वावराच्या लोखंडी फाटकाला मोटार नाही. पोळ्याच्या आधी चाचांनी ते फाटक रंगवलं, दोन हात, मास्क घालून. भाऊ रोज सकाळी चालत तिथवर जातो आणि फाटकाला कडी लावून जरा वेळ टेकतो. कोपर लागतं त्या जागी रंग आताच थोडा तुकतुकीत दिसू लागला आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.